सोनुबाईंच्या अंगातलं वारं

दहिवली
माघ, संकष्टी

जागृती,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते. कमलेश भावजी तांदूळ न्यायला आले आहेत, त्यांच्या पिशवीत हे ठेवते, म्हणजे पाकिटाचा खर्च नाही. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. रागाने फाडलास तर फाड, पण मागे देवीचं चित्र आहे, तेवढं बाजूला ठेव.

तांदूळ घरचाच आहे. नवा आहे, पाणी कमी घाल.

मुद्द्याचं लिहिते. आईंना मी पनवेलला कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. ह्यांना सांगितलं की डोळे दाखवायला नेते.

तुला सगळं माहीत आहे, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय सुचत नाही. गेल्या चैत्री पौर्णिमेला गावदेवीची पालखी आपल्या अंगणात होती. गजाचा खालूबाजा ऐन भरात होता, ढोल, सनई, झांजा, सगळं एकदम. मानाची म्हातारी म्हणून आईंना ढोलाला लागून बसवलं होतं. तू अक्षदाला कडेवर घेऊन त्यांच्या पाया पडायला वाकलीस. अक्षदाने त्यांच्या गालाला हात लावला. त्यांनी तो झटकला, तुला दोन्ही हातांनी ढकललं आणि किंचाळल्या. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “वारं आलं! देवीचं वारं आलं!” मग हळदकुंकू, मग नारळ, आणि मग देवळाचा कारभार बघणाऱ्या धाकलू तात्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की देवीला ही सून मानवत नाही. तू दिवेलागणीच्या आत भावजींबरोबर रसायनीला गेलीस, ती गेलीसच.

पावसाळ्यात तुला दिवस राहिले आणि टिकले नाहीत. त्यावर इथे जे बोललं गेलं ते तुझ्यापर्यंत पोचलं असणार. असली बोलणी पोचतातच. त्या दिवसाचा आणि त्या गोष्टीचा काही संबंध नाही. हे मी कुठल्या डॉक्टरांना विचारलेलं नाही. गरज वाटली नाही.

तर पनवेल. काचेच्या खोलीत बसवून आईंच्या कानाला यंत्र लावलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आईंनी नीट दाबलं. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने कान छान आहेत. मग त्यांनी दुसरी तपासणी केली. एक बाई साधी वाक्यं बोलते, मागे बाजारासारखा गलका. आईंना एक वाक्य धड सांगता आलं नाही. यंत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “सगली एकदम अंगावर येतात गं. कोनाला धरू नि कोनाला सोडू?”

हेच त्या घरी दोन वर्षं करत होत्या. मी एकटी बोलले तर कुजबुजलेलंही कळतं. पण टीव्ही, मिक्सर आणि ह्यांचा फोन एकदम सुरू झाला की भांडं आपटून उठून जातात. हे म्हणायचे, सोंग आहे. मीही तेच धरून चालले होते.

बाईंनी मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे. तिथे जाऊन आले की कळवते.

यंदा चैत्री पौर्णिमेला आईंना परत ढोलाजवळ बसवायचं गावाने ठरवलं आहे. देवीचा कौल घ्यायचा आहे म्हणे. मला ते होऊ द्यायचं नाही. अजून कोणाला हे बोललेली नाही.

जना वहिनी


दहिवली
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

जागृती,

भावजींनी तुझा निरोप सांगितला. “सासवांचे कान बरोबर सुनांच्या बाबतीतच का बिघडतात, तेवढं डॉक्टरला विचारा.” मी हसले. हे समोर होते म्हणून हसू आत ओढलं.

मेंदूच्या डॉक्टरांना ते विचारलं नाही, पण बाकीचं विचारून घेतलं. त्यांनी आधी आईंची आठवण तपासली. वार, महिना, नातवंडांची नावं, शंभरातून सात वजा. आईंनी वजाबाकी माझ्या आधी केली. विसरण्याचा आजार नाही, म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मेंदूत “चालू” म्हणणारी रसायनं असतात, तशी “थांब” म्हणणारीही असतात. त्यातलं मुख्य आहे त्याचं नाव गाबा. मी दोनदा विचारून लिहून घेतलं. शंभर आवाज कानात शिरतात, त्यातले नको ते दाबून हवा तो पुढे आणायचा, हे त्या थांब म्हणणाऱ्याचं काम. वय वाढलं की मेंदूच्या काही भागांत ते कमी होत जातं. कान आवाज आत घेतात, पण आत त्यांना अडवायला कोणी नसतं.

मी म्हटलं, “म्हणजे सूप सैल झालं. पाखडलं तरी कोंडा उडत नाही, तांदळातच राहतो.”

ते म्हणाले, “जवळपास तसंच. पण नुसतं आवाजाचं नाही, स्पर्शाचंही आहे.” बोटाला एका जागी काही लागलं की शेजारची जागा गप्प करायचं कामही तेच करतं म्हणे, म्हणून बोटाला बारीक फरक कळतो. तेव्हा मला आठवलं. भात गिरणीला न्यायच्या आधी आई चिमटीत दाणा चोळून सांगायच्या, अजून एक ऊन हवं. आता चोळतात नि माझ्याकडे बघतात. परवा म्हणाल्या, “सगलं सारखंच लागतं, तूच बघ.” ब्लाउजचे हुकही मीच लावते. मागून कोणी हात लावला तर विंचू चावल्यासारख्या दचकतात.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, आजींच्या डोक्यातलं गाबा मी मोजलेलं नाही. ते मोजायची यंत्रं संशोधनाच्या ठिकाणी असतात. अजून शोध चालू आहे, सगळ्या म्हाताऱ्यांचं सारखं होत नाही, आणि ह्याची गोळी माझ्याकडे नाही. एका वेळी एकाने बोला, समोरून बोला, उजेडात बोला, हात लावायच्या आधी दिसू द्या. गलक्यातून बाहेर काढा.

मी पालखीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “ढोल किती लांब होता?” मी म्हटलं, “मांडीला लागून.” ते म्हणाले, “त्या गोंधळात समोर कोण आहे हेही त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल.”

हे तुला पटवायला लिहीत नाही. त्यांनी सांगितलं ते लिहिलं. तुला ढकललं ते ढकललंच.

आणि माझा देवीवरचा विश्वास तसूभर कमी झालेला नाही, हेही लिहून ठेवते. मंगळवार सोडलेला नाही. पण देवीला सुनेचं काही सांगायचं असतं तर तिने ऐंशी वर्षांच्या बाईला इतकं छळून सांगितलं नसतं, असं मला वाटतं.

जना वहिनी


दहिवली
होळीनंतरचा शनिवार

जागृती,

अक्षदाची वही पोचली. तुमच्या तिघांचं चित्र आहे ते पान मी आईंना खिडकीपाशी नेऊन दाखवलं. “ही बारकी लांब केसांची कोन?” विचारलं. अक्षदा म्हटलं. “एवढे केस झाले?” म्हणाल्या आणि पान बराच वेळ धरून बसल्या.

आता इथलं. मंगळवार-शुक्रवार बायका येतात, आईंची ओटी भरतात, पायावर डोकं ठेवतात. ज्याला वारं येतं त्याला ते उतरल्यावर काही सांगायचं नसतं, अशी इथली रीत. त्यामुळे वर्ष होत आलं तरी त्या दिवशी काय झालं ते आईंना कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही. त्यांना वाटतं, वय झालं म्हणून बघायला येतात. परवा सात-आठ जणी एकदम आल्या तेव्हा मला आत बोलावून म्हणाल्या, “माझं मयत हाय का गं आज? मला सांगितलं नाय कोनी.”

ओटीचे खण मी वेगळे ठेवलेत. परत करायचे आहेत. नारळ मात्र नासतील म्हणून वापरले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी धाकलू तात्या ह्यांच्याशी बोलायला ओटीवर आले. ह्यांना देवळाच्या कमिटीत घेतलं आहे, ते तुला भावजींनी सांगितलं असेल. देऊळ जुन्या जागेवरून रस्त्याला आणायचं का, हा कौल आईंच्या तोंडून घ्यायचा आहे. रस्त्याची जागा तात्यांचीच, ते तुला ठाऊक आहे. मी त्यावर काही म्हणत नाही.

मी चहा दिला आणि उभी राहिले. एरवी आत जाते. म्हटलं, “तात्या, आईंना यंदा बाहेर बसवणार नाही. त्यांना ढोल सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.”

तात्या म्हणाले, “वैनी, तुमी म्यॅट्रिक झालेल्या. पन देवीला नाय शिकवायचं.”

“देवीला नाही शिकवत. तुम्हाला सांगते.”

“मंग गेल्या सालचं काय ते? ती काय कानाची बिमारी होती?”

“कानाची नाही, मेंदूची. आवाज अडवणारं रसायन कमी पडतं.”

तात्या ह्यांच्याकडे बघून हसले. “रसायन! ती बारकी रसायनीला गेली, आता मोठीलाबी तिथलंच पानी लागलं.”

हे हसले. मला ते हसणं आवडलं नाही, पण लिहिण्यासारखं त्यात काही नाही. तात्या गेल्यावर हे म्हणाले, “गावात आपल्या घराला मान आलाय तो तुला बघवत नाही का?” मी म्हटलं, “मान तुम्हाला आणि ढोल आईंच्या मांडीला.” त्यानंतर आम्ही जेवणापुरतं बोलतो.

आईंना आत ठेवून कडी लावावी, असं मनात येतं. पण हे उचलून बाहेर आणतील. तू आलीस तर वेगळं होईल. देवीला न मानवणारी सून उभी असेल आणि देवी काही करणार नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसेल. पण तुला त्या अंगणात ये म्हणायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. तरी लिहिलं.

जना वहिनी


दहिवली
गुढीपाडवा

जागृती,

थोडक्यात लिहिते, पुरण वाटायचं आहे.

भावजी म्हणाले, तू येणार नाहीस. म्हणालीस की, “मी उभी राहून देवीची परीक्षा द्यायची? मी काय केलंय?” बरोबर आहे. मी तुला माझ्या सोयीसाठी बोलवत होते. आता नाही बोलवत.

भावजींना मात्र पौर्णिमेला येऊ दे. पालखीला त्यांचा खांदा असतो, तो मान सोडू नये.

बेसनाच्या वड्या पाठवते. अक्षदाला एका वेळी दोनच दे.

जना वहिनी


दहिवली
चैत्री पौर्णिमेचा दुसरा दिवस

जागृती,

भावजींनी सांगितलं असेलच. पण ते पालखीखाली होते, त्यांना निम्मंच दिसलं. म्हणून सगळं लिहिते.

सकाळपासून आई मागच्या खोलीत होत्या. अंगणात ढोलाच्या जागेशेजारी ह्यांनी खुर्ची मांडली आणि वर नवी चादर घातली. पालखी वळणावर आली की हे आईंना बाहेर आणणार होते.

पालखी दारात आली की घरातल्या थोरल्या सवाष्णीने भोयांचे पाय धुवायचे. त्याशिवाय पालखी अंगणात येत नाही, आणि एकदा खांद्यावर घेतलेली पालखी वाटेत जमिनीला टेकवायची नाही. हे दोन्ही नियम मी लग्न होऊन आले तेव्हा धाकलू तात्यांनीच मला शिकवले होते.

मी तांब्या घेऊन आधीच फाटकात जाऊन उभी राहिले. पालखी आली. गजा घामाघूम होऊन ढोल बडवत होता. चौघं भोई समोर उभे राहिले, पुढे कान्हा आणि आपले भावजी. मी पाणी घातलं नाही.

कान्हा म्हणाला, “वैनी, पानी!”

मी गजाकडे बघून हात वर केला. तो आणखी जोरात वाजवायला लागला. त्याला वाटलं, मी नाचायला सांगते.

मी कान्हाच्या कानाशी जाऊन ओरडले, “आधी वाजप थांबवा. मग पाय धुते.”

“काय?”

“वाजप थांबवा!”

ते मागे पोचेपर्यंत वेळ गेला. हे फाटकाशी आले, “जना, तमाशा करू नको, पाणी घाल.” सगळ्यांदेखत ह्यांनी माझं नाव घेतलं, असं ह्यापूर्वी कधी झालं नव्हतं. मी तांब्या दोन्ही हातांनी धरून ठेवला. पाणी थोडं माझ्याच पायावर सांडलं. धाकलू तात्या पुढे आले आणि म्हणाले, “बाई, देवीला दारात अडवतेस?”

“देवीला नाही अडवलं. ढोल अडवलाय. ढोल बाहेर ठेवा, देवी आत येऊ दे. तिचं घर आहे.”

“वाजपाबिगर पालखी कधी आत गेलीय?”

“सुतकाच्या घरापुढून जाते तेव्हा वाजप बंद करता की नाही? माणूस गेल्यावर थांबता. असताना थांबा.”

तेवढ्यात कान्हा कळवळला, “तात्या, खांदा गेला! काय ते ठरवा लवकर, नायतर देवी माझ्या पायावर उतरंल!” मागचा भोई म्हणाला, “गज्या, ठेव ना रं ती काठी! तुझ्या बापाचं काय जातंय?” भावजींनी मागे वळून गजाकडे बघितलं, ते मी बघितलं.

गजाने काठी खाली केली. झांजवाला दोनदा वाजवून थांबला. सनई आपोआप थांबली.

मी चौघांचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. पालखी आत आली. एवढी माणसं आणि आवाज नाही, नुसती पावलं. लोकांना कुठे बघावं कळेना. बायका एकमेकींचे पदर ओढत होत्या. कोणी म्हणालं, अपशकुन. दुसरी म्हणाली, चूप.

आणि आई स्वतः बाहेर आल्या. कोणी आणलं नाही. चौकटीला धरून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, सावकाश पालखीपाशी गेल्या आणि देवीच्या पायावर डोकं ठेवलं. खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही.

तात्यांनी माघार घेतली नाही. हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “आई माऊली, देऊळ रस्त्याला आनू का? कौल दे.”

आईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. एकच माणूस बोलत होता, समोरून, उन्हात. त्यांना प्रत्येक शब्द कळला.

“धाकल्या,” म्हणाल्या, “मला काय इचारतोस? मी सोनू हाय. देवी पालखीत हाय, तिला इचार.”

कान्हा फिसकन हसला. मग चार-दोन जणी हसल्या. तात्यांचं तोंड पडलं नाही असं नाही, पण नंतर त्यांनी प्रसाद नीट घेतला. कौल झाला नाही. देऊळ आहे तिथेच आहे. वळणावर गेल्यावर गजाने परत बाजा सुरू केला. हे पालखीबरोबर गेले ते उशिरा आले. मी ताट झाकून ठेवलं होतं, ते जेवले. अजून बोललेले नाहीत. बोलतील.

पालखी गेल्यावर ओटीवर आई, मी आणि ओटीचे खण परत घ्यायला मी थांबवलेल्या दोघी-तिघी राहिलो. त्यातली एक म्हणाली, “मंग गेल्या साली वारं नव्हतंच?” आईंनी विचारलं, “कसलं वारं?” ती गप्प झाली, सगळ्याच गप्प झाल्या. रीत म्हणजे रीत.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. ढोल कुठे होता, तुम्ही कुठे होता, जागृती वाकली, अक्षदाने गालाला हात लावला. तुम्ही तो झटकलात. तिला ढकललंत. लोकांनी ते देवीचं म्हटलं, आणि ती गेली ती वर्षभर आलेली नाही. तुझं पावसाळ्यातलं सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तू ठरव.

त्यांना काही आठवेना. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते तोंडावर दिसत होतं. म्हणाल्या, “ढोल आठवतो. अंगावर काय तरी पडलं, तेवढं आठवतं. ती जागृती होती?”

मी हो म्हटलं.

त्या आपले हात उलटे-सुलटे करून बघत बसल्या. मग विचारलं, “पोरीला लागलं का गं?”

मला सांगता येईना. त्या दिवशी मी हळदकुंकवाचं ताट आणायला आत धावले होते. नंतर वर्षभरात चार पत्रं लिहिली, तांदूळ पाठवला, वड्या पाठवल्या, पण हे कधी विचारलं नाही.

म्हणून विचारते. लागलं होतं का? अक्षदाला, आणि तुला?

काय असेल ते भावजींकडे लिहून दे. आई रोज विचारतील. मला त्यांना खरं सांगायचं आहे.

जना